खिम्याच्या गोळ्यांसाठी थर्मामीटर? घेतला, वापरला, सांगतो

निवृत्त होईपर्यंत मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. काचेच्या थर्मामीटरने कुणी ढवळायला लागलं की माझं डोकं फिरायचं, आणि पाऱ्याचा फुगा भांड्याच्या तळाला टेकलेला दिसला तर रीडिंग पुन्हा घ्यायला लावायचो. असा माणूस स्वयंपाकघरात शिरल्यावर मात्र चिकन शिजलं की नाही ते चक्क रंगावरून ठरवत होता. लेकीने सुईचा डिजिटल थर्मामीटर आणून हातात ठेवला तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

निमित्त झालं ओव्हनमधल्या चिकन मीटबॉल्सचं. सोया सॉस, आलं, लसूण, पातीचा कांदा, भाजलेल्या तिळाचं तेल, अशा पूर्व आशियाई चवीचे. जपानमध्ये त्सुकुने नावाचे चिकनचे गोळे काड्यांना लावून भाजतात आणि वरून सोया आणि मिरिन (तांदळाची गोड जपानी वाइन) यांचा गोडसर सॉस चढवतात. माझे गोळे त्याचे लांबचे नातेवाईक म्हणायला हरकत नाही. चव पहिल्याच वेळी जमली होती. पोत मात्र खोडरबराचा. कारण साधं होतं, भीती. चिकन कच्चं राहायला नको म्हणून मी ते २०० अंशांवर पंचवीस मिनिटं ठेवायचो, वर 'अजून पाच मिनिटं असू दे' हे ठरलेलं.

या उपकरणाने ती पाच मिनिटं बंद केली, आणि माझ्या मते त्याची किंमत तिथेच वसूल झाली. कोंबडीच्या खिम्याला आतून ७४ अंश सेल्सिअस लागतात. तेवढे झाले की गोळा बाहेर काढायचा. माझे गोळे साधारण तीस ग्रॅमचे असतात, अर्धा किलो खिम्यात इतर जिन्नस धरून वीसेक होतात. ते चौदा-पंधरा मिनिटांत तिथे पोचतात. म्हणजे इतके दिवस मी जवळजवळ दुप्पट वेळ भाजत होतो!

रंगावर विसंबू नका, हे मात्र आवर्जून सांगतो. पूर्ण शिजलेला कोंबडीचा खिमाही कधीकधी आतून गुलाबी राहतो, आणि पांढरा दिसला म्हणून शिजला असंही नसतं. आमच्याकडे एकदा ७६ अंश दाखवणारा गोळा फोडला तर मधोमध गुलाबी छटा. लेक म्हणाली, "बाबा, हा परत आत टाका." मी नाही टाकला. आकड्यावर भरवसा ठेवायचा नसेल तर मग थर्मामीटर घेतला कशाला?

आता वापराचं. संवेदक सुईच्या टोकाशी असतो, त्यामुळे टोक गोळ्याच्या बरोबर मध्यावर यायला हवं. मोठ्या तुकड्यात हे सोपं, एवढ्याशा गोळ्यात अवघड. वरून खोचली तर सुई आरपार जाऊन तव्यासारख्या तापलेल्या ट्रेला टेकते आणि आकडा झपकन वर चढतो. मी बाजूने, आडवी खोचतो. पुढे-मागे हलवताना जो सर्वांत कमी आकडा दिसेल तो मध्याचा, तोच धरायचा. पाऱ्याच्या फुग्याचा जुना धडा इथेही लागू.

आणि एकच गोळा तपासून गप्प बसू नका. माझ्या ओव्हनचा मागचा डावा कोपरा जास्त तापतो. तिथला गोळा ७८ वर असताना दाराजवळचा ६९ वर होता. हे थर्मामीटरशिवाय कळलंच नसतं. आता मी नवव्या मिनिटाला ट्रे फिरवतो आणि शेवटी दाराजवळचाच गोळा टोचतो. भोकातून थोडा रस गळतो, म्हणून टोचलेला गोळा माझ्या ताटात येतो. घरात तसा अलिखित ठराव आहे.

तक्रारीही आहेत. खोक्यावर तीन सेकंद लिहिलंय, आकडा स्थिरावायला प्रत्यक्षात सहा-सात लागतात. उघड्या ओव्हनसमोर चष्म्यावर वाफ धरून उभं राहिलं की ते सात सेकंद बरेच वाटतात. म्हणून मी ट्रे बाहेर काढतो, दार लावतो आणि मग मोजतो. यंत्राच्या अंगाला पाणी चालत नाही, फक्त सुई धुता येते; कच्च्या खिम्यात खुपसलेली सुई दर वेळी साबणाने धुवावी लागते, आकडा कमी आलेला गोळा पुन्हा तपासण्याआधीसुद्धा.

सर्वांत वाईट म्हणजे सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण. ते सुरू करायच्या बटणाला इतकं खेटून आहे की अंगठा चुकतोच. एकदा पडद्यावर १६० बघून मी हबकलो, गोळ्यांचा कोळसा झाला असं वाटून ट्रे घाईने बाहेर ओढला. ते फॅरनहाइट होतं. म्हणजे ७१ अंश, अजून तीन कमीच! पडद्यावरचं एकक मुंगीएवढ्या अक्षरात आहे, हे बनवणाऱ्याला कुणी तरी सांगायला हवं.

अचूकतेबद्दल बोलायचं तर ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी पेल्यात घेऊन मी पहिल्याच दिवशी तपासलं. शून्याच्या जागी ०.६ आलं. स्वयंपाकाला पुरे. उकळत्या पाण्यात तपासणार असाल तर समुद्रसपाटीपासून उंचावर पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, तेव्हा उगाच यंत्राला दोष देऊ नका.

थर्मामीटर चुकीचा खिमा मात्र सुधारत नाही. नुसत्या छातीच्या मांसाचा खिमा ७४ वर काढला तरी कोरडाच लागला. मांडीचा घेतल्यावर फरक पडला. ब्रेडचा चुरा दुधात भिजवून घालतो, तो पाणी धरून ठेवतो. सोया सॉसमध्येच भरपूर मीठ असतं, वेगळं घालत नाही. मिश्रण चिकट होईपर्यंत हाताने मळतो, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो आणि तेलाच्या हाताने वळतो. किसलेलं कच्चं आलं घालून रात्रभर ठेवायचा आगाऊपणा एकदा केला. आल्यातलं एन्झाइम मांसाची प्रथिनं तोडतं. सकाळी मिश्रण लगदा झालं होतं. सोया, मध, व्हिनेगर यांचा सॉस शेवटच्या तीन-चार मिनिटांतच लावतो, आधी लावला तर साखर करपते. सॉस लावायला ट्रे बाहेर निघतोच, तेव्हाच पहिलं मोजमाप. त्या वेळी ६५च्या आसपास दिसलं की समजायचं, गाडी वेळेवर आहे.

पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा गुण सात सेकंदांचा कापला, एक त्या बटणाचा. रोज मांस भाजणाऱ्याने थोडे जास्त पैसे घालून जलद आकडा देणारा, पाण्याला न भिणारा घ्यावा. महिन्यातून दोनदा गोळे करणाऱ्या माझ्यासारख्याला हा चालतो. फॅरनहाइटच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे.