रेडिओच्या इतिहासावरची ऑडिओ सिरीज : घ्यावी का?

बारा भाग आहेत, आपल्याकडच्या रेडिओचा सांस्कृतिक इतिहास. बोलणाऱ्या मॅडम आधी बरीच वर्षं रेडिओवर निवेदिका होत्या, मग पीएचडी करून कॉलेजात शिकवायला लागल्या. त्यासाठीच घेतली खरं तर, कारण नुसते प्रोफेसर असले की डोळे मिटायला लागतात आणि नुसते रेडिओवाले असले की सगळं ‘काय ते दिवस होते’ होऊन बसतं.

सुरुवात ठीकठाक. १९२७ ला मुंबई केंद्र, तीनच वर्षांत ते चालवणारी कंपनी बुडाली, १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव, हे कुठेही वाचायला मिळतं. पण मास्तर लोक रेडिओत कसे घुसले तो भाग भारी, म्हैसूरला गोपालस्वामी म्हणून मानसशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी १९३५ ला घरातूनच स्टेशन चालू केलं आणि नाव ठेवलं आकाशवाणी! लाहोरला इंग्रजी शिकवणारे पत्रस बुखारी तर पुढे ऑल इंडिया रेडिओचे प्रमुखच झाले, भाऊही रेडिओतच, म्हणून लोक बीबीसी म्हणजे ‘बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन’ म्हणायचे. हे सांगताना मॅडमचं हसू ऐकू येतं, त्या पण त्याच जातकुळीतल्या ना.

पैसे वसूल झाले ते पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या भागात. १९४० ला रेडिओवर पेटीला बंदी आली ती थेट १९७१ पर्यंत, हे मला माहीत होतं पण का ते डोक्यात शिरलं नव्हतं. मॅडम काहीच समजावत नाहीत, सारंगीवर गंधारावरून रिषभावर (ग वरून रे वर) येणारी एक मींड, म्हणजे सूर न तोडता घसरत जाणं, ती लावतात, मग तीच जागा पेटीवर. मधला सगळा रस्ता गायब! दोन पट्ट्या, बस. नंतर जरा वेळ गप्प राहतात. असं गप्प राहणं रेडिओवाल्यालाच जमतं.

पुण्याच्या शेतकरी रेडिओ प्रयोगाचा भाग पण मस्त, १९५६ ला युनेस्कोच्या मदतीने १५० गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि प्रश्न परत केंद्राला पाठवायचे.

तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री केसकर, त्यांच्या भागात मात्र निराशा. रेडिओवर फिल्मी गाणी बंद, पब्लिक रेडिओ सिलोनकडे पळालं, शेवटी १९५७ ला विविध भारती, एवढी मसालेदार गोष्ट आणि मॅडम अचानक ‘सांस्कृतिक वर्चस्वाचा विमर्श’ वगैरे वाचून दाखवायला लागतात. हो, वाचूनच, पान उलटल्याचा आवाज येतो. निवेदिका सुट्टीवर आणि प्रोफेसर ड्युटीवर. शेवटचे दोन भाग पण तसेच, मी १.५ स्पीडवर उरकले.

अ‍ॅप भंगार आहे, पंधरा सेकंद मागे जा म्हटलं की पार सुरुवातीला जातं.

पेटीचा भाग फ्री ठेवलाय, आधी तो ऐका मग पैसे भरा. आणि हेडफोन लावा हां, मोबाईलच्या स्पीकरवर ती मींड कळतच नाही, मला पहिल्यांदा दोन्ही सारखंच वाटलं होतं.