डिस्प्लेवर १२२२, आत ११००: स्टोनवेअरच्या भट्टीत झालेली फसवणूक

स्टोनवेअरसाठी (जास्त उष्णतेला भाजलेली, पाणी फारसं न शोषणारी मातीची भांडी) विजेची भट्टी घ्यायच्या विचारात असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी हे वाचा.

माझी भट्टी '१२८० डिग्री, कँथल ए-वन कॉइल' अशी सांगून विकली गेली; कँथल म्हणजे तापणाऱ्या तारेचा मिश्रधातू. भट्टीचं तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये 'तयार स्टोनवेअर शेड्यूल' (किती वेगाने, कुठवर तापवायचं याचा आराखडा) भरून देण्याचे पैसे वेगळे घेतले. डेमोला रिकाम्या भट्टीत आकडा बाराशेच्या वर गेलेला दाखवला. कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे छोटे सुळके) ठेवून दाखवा म्हटलं, तर उत्तर आलं, "मॅडम, कोन जुन्या काळचे. आता सगळं डिजिटल." असं कोणी म्हणालं की व्यवहार तिथेच थांबवा.

ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) कोरडं, मरगळलेलं निघायचं. गिऱ्हाइकांनी नेलेल्या मगांखाली टेबलावर ओलं कडं उमटू लागलं. एक मग कोरडा तोलला, पाण्यात उकळून, पुसून पुन्हा तोलला. शंभर ग्रॅम मातीमागे आठेक ग्रॅम पाणी प्यायला होता. कोन ६ ला (साधारण १२२२ अंशांना) पक्क्या होणाऱ्या मातीत हे प्रमाण तीनच्या आत हवं.

विक्रेत्याकडे दर तक्रारीला एकच उत्तर होतं: शेड्यूल चुकतंय. शेवटचा रॅम्प (तापमान चढवण्याचा टप्पा) हळू करा, सोक (त्याच तापमानावर धरून ठेवणं) वाढवा, माती बदला. वर आणखी एक 'खास' शेड्यूल विकत दिलं. हे पटतं, कारण त्यात तथ्य असतं. माती पिकते ती तापमान आणि वेळ या दोन्हींनी. शेवटच्या टप्प्यात तासाला ६० अंशांनी चढवलं तर कोन ६ साधारण १२२२ ला वाकतो, १५० अंशांनी चढवलं तर १२४३ लागतात. पण हा फरक वीसेक अंशांचा आहे. सव्वाशे अंशांची तूट कुठलंच शेड्यूल भरून काढत नाही.

मग कोन ०३, १ आणि ६ शेजारी शेजारी उभे केले; ०३ सगळ्यात आधी वाकतो, ६ सगळ्यात शेवटी. डिस्प्लेने १२२२ दाखवलं, भट्टी निवल्यावर उघडली. ०३ लोळलेला होता, १ आणि ६ दोन्ही ताठ. म्हणजे आत जेमतेम अकराशे झाले होते.

थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारा सेन्सर) काढून त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरलं. शंभराच्या जरा खाली दिसायला हवं होतं, दिसलं १३०. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने कंट्रोलरचा पासवर्ड काढला तेव्हा उलगडा झाला. सेन्सर के टाइपचा आणि कंट्रोलरमधलं सेटिंग एन या दुसऱ्या टाइपच्या थर्मोकपलचं. या जोडीची लबाडी अशी, की थंड भट्टीत आकडा बरोबर दिसतो आणि तापेल तसा फुगत जातो, त्यामुळे शंका येतच नाही.

ही नजरचूक नव्हती. सेटिंग के वर आणल्यावर भट्टी अकराशेपाशी रेंगाळली, पुढे सरकेना. कॉइलला लोहचुंबक लावला, चिकटला नाही. कँथलमध्ये मुख्य धातू लोखंड असतो, त्याला चुंबक चिकटतो; निकेल-क्रोमच्या निक्रोमला चिकटत नाही. निक्रोमची तार स्वतः साधारण १२०० अंशांपर्यंतच टिकते आणि तार नेहमी भट्टीच्या हवेपेक्षा जास्त तापलेली असते. त्या तारेवर कोन ६ गाठणं शक्यच नव्हतं. ते झाकायला सेटिंग बदललं आणि वर पासवर्ड लावला. मला सगळ्यात जास्त चीड याची येते, की महागडी माती आणि ग्लेझ वाया घालवत मी शेड्यूल बदलत राहावं, अशी ती व्यवस्था होती.

म्हणून भरलेल्या भट्टीत, वरच्या, मधल्या आणि खालच्या शेल्फवर कोन ठेवून तुमच्यासमोर फायरिंग करून घ्या. रिकाम्या भट्टीचा डेमो काही सिद्ध करत नाही. खिशात चुंबक ठेवा. बिलावर तारेचं नाव, विटेचा ग्रेड आणि थर्मोकपलचा टाइप लिहून घ्या. कंट्रोलरचा पासवर्ड मिळत नसेल तर पैसे देऊ नका.

पैसे परत मागितले तेव्हा मला ऐकवलं, "धंद्यासाठी घेतलीत, ग्राहक आयोगात तुमचं चालणार नाही." हेही खोटं आहे. स्वयंरोजगारातून फक्त पोटापुरतं कमावण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बसते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात जिल्हा आयोगात तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. कोनांचे फोटो, बिल आणि चॅट जपून ठेवा. माझ्या तक्रारीला मी हेच जोडलं आहे.