तीन चाकांची रिक्षा की चार चाकांची क्यूट?

क्यूट म्हणजे बजाजची छोटी चारचाकी. प्रवासी दोन्हींत तीनच, चौथा चालक. मग एक चाक वाढवून मिळतं काय? पहिलं म्हणजे तोल. रिक्षाला पुढे एकच चाक; भरधाव वळण घेतलं की ती कलते. क्यूट चार चाकांवर उभी राहते. शिवाय पक्कं छप्पर, दारं, सीटबेल्ट. रिक्षात पावसाळ्यात ताडपत्रीचा पडदा धरून बसलेल्यांना दारांची किंमत वेगळी सांगायला नको!

क्यूटचं इंजिन २१६ सीसीचं, मागे बसवलेलं. कमाल वेग ताशी ७० किमी. म्हणजे कार समजून हायवे गाठायला निघालात तर पस्तावाल. सरकारदरबारीही ती कार नाहीच, क्वाड्रिसायकल आहे, म्हणजे कारहून हलक्या चारचाकींचा वेगळा वर्ग. २०१२ मध्ये आरई६० म्हणून दाखवलेली ही गाडी कोर्टकचेऱ्या आणि नियमांत अडकून महाराष्ट्रात विक्रीला आली २०१९ मध्ये, पेट्रोल मॉडेल सुमारे अडीच लाखांना.

रिक्षाची खरी ताकद गल्लीत दिसते. जागच्या जागी वळते, उघडी असल्याने चढ-उतार पटकन होते आणि कुठल्याही नाक्यावर तिचा मिस्त्री सापडतो. रोज धंदा करणाऱ्याने माझ्या मते रिक्षाच घ्यावी. क्यूट शोभते ती शहरातल्या शहरात घरच्या वापराला.