वृद्धाश्रमातील पॅसेज : व्हीलचेअर भिंतीकडेला लावाव्यात की स्वतंत्र जागेत?

बंगल्याचे रूपांतर करून चालवल्या जाणाऱ्या वृद्धाश्रमात जागा मुळातच अपुरी असते, त्यामुळे व्हीलचेअर, कमोड खुर्च्या आणि कपड्यांची ट्रॉली पॅसेजमध्येच मुक्काम ठोकतात. या सवयीला पर्याय म्हणजे प्रत्येक मजल्यावर त्यांच्यासाठी राखलेली स्वतंत्र जागा.

भिंतीकडेला रांग लावण्याची सोय खरी आहे. रात्रपाळीच्या मावशींना साधन चटकन हाताशी लागते आणि एकही खाट कमी करावी लागत नाही. मात्र त्या भिंतीवरचा आधाराचा दांडा रांगेमागे झाकला जातो. ज्या आजोबांना दांडा धरूनच चालता येते, ते मग समोरच्या व्हीलचेअरला धरतात आणि तिचा ब्रेक लावलेला नसेल तर तिच्यासकट सरकतात. मला हा धोका सर्वांत गंभीर वाटतो.

रुंदीचा हिशेबही कठोर आहे. दोन व्हीलचेअर समोरासमोर येऊन जाण्यासाठी सुमारे १.८ मीटर आणि एक पूर्ण वळवण्यासाठी १.५ मीटर जागा लागते. १.८ मीटरच्या पॅसेजमध्ये एक रांग उभी केली की जेमतेम १.१ मीटर उरते. अमेरिकेतील जीवनसुरक्षा संहितेच्या (लाइफ सेफ्टी कोड, म्हणजे इमारतींतील आगीपासून बचावाची नियमावली) २०१२ च्या आवृत्तीने रुग्ण हलवण्याची चाकांची साधने पॅसेजमध्ये ठेवण्याची मुभा दिली, परंतु किमान ५ फूट वाट मोकळी राहावी आणि आग लागल्यास ती साधने कोणी, कोठे हलवायची हे आधीच ठरलेले असावे, अशा अटींवर. तेथे नव्या नर्सिंग होमचा पॅसेज ८ फूट रुंद असावा लागतो. आपल्याकडील अरुंद पॅसेजसाठी त्या मुभेचा दाखला देणे योग्य ठरणार नाही.

स्वतंत्र जागेची किंमत बहुधा एका खाटेच्या उत्पन्नाइतकी असते. शिवाय तेथे हळूहळू मोडक्या खुर्च्या साठतात, कोणीतरी कुलूप लावते, आणि साधने पुन्हा पॅसेजमध्ये येतात. म्हणून त्या जागेची जबाबदारी प्रत्येक पाळीत एका व्यक्तीवर हवी. वॉकर मात्र तेथे कधीही नेऊ नये. तो खाटेशेजारीच हवा, कारण रात्री शौचालयाला उठलेल्या आजी तो दिसला नाही तर त्याच्याविनाच निघतात.

पॅसेज ८ फुटांपेक्षा अरुंद असेल, तर मी खाट कमी करण्याचाच आग्रह धरीन. तेवढा किंवा अधिक रुंद असेल, तर रांग एकाच बाजूला, शौचालयाच्या व बाहेर पडण्याच्या दारांपासून दूर, ब्रेक लावून ठेवावी आणि समोरच्या भिंतीवरचा दांडा सलग मोकळा राखावा.