कमी उजेडात फुलणारी घरातली झाडं : बरेच महिने सांभाळल्यावरचा अनुभव

घरात थेट ऊन येत नाही पण फुलं तर हवीतच, अशांसाठी हे लिहितेय. पीस लिली, अँथुरियम, आफ्रिकन व्हायोलेट, फॅलेनॉप्सिस ऑर्किड आणि गुझमानिया, ही पाचही बरेच महिने घरात सांभाळून झालीयत. सगळ्यात आधी एक गोष्ट, कुंडीवरच्या टॅगवर 'लो लाइट' असतं ना, त्याचा अर्थ झाड तिथे तग धरेल एवढाच घ्यायचा. फुलेल याची गॅरंटी त्यात नसते. फुलं काढायला झाडाला भरपूर अन्न लागतं, ते उजेडातूनच तयार होतं, उजेड कमी पडला की झाड आहे ती पानं जगवत बसतं आणि कळ्या धरतच नाही.

आणि उजेड किती आहे ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही हो. भर दुपारच्या उन्हात १ लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात तो १००-२०० वर येतो, पण डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला तो कोपराही छान उजळ वाटतो. मी काय करते, दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवते आणि फूटभर वर हात धरते. सावलीत बोटं वेगवेगळी दिसली तर उजेड चांगला, नुसता पुसट आकार दिसला तर मध्यम, सावली जेमतेमच पडली तर तिथे फुलांची आशा सोडा.

माझी पहिली पसंती पीस लिलीच. एक माहिती असू द्या, नर्सरीवाले बऱ्याचदा जिबरेलिक अ‍ॅसिड हे झाडांच्या वाढीचं संप्रेरक फवारून तिला एकदम फुलवतात, त्यामुळे आणताना फुलांनी भरलेली असते आणि ती फुलं गेली की महिनोन्‌महिने नुसती पानं. झाड बिघडलंय असं वाटून टाकून देऊ नका. खिडकीजवळ, ऊन पानांवर येणार नाही अशी सरकवा आणि थांबा. नवीन फूल पानाच्या बगलेतून घट्ट गुंडाळलेलं, हिरवट असं वर येतं, मग पांढरं होऊन उघडतं. तो पांढरा भाग म्हणजे खरं तर बदललेलं पान, खरी बारीक फुलं मधल्या दांड्यावर असतात आणि त्यांचे पांढरे परागकण खालच्या पानांवर पिठासारखे सांडतात, त्याला कीड समजून औषध मारू नका. पाणी हवं असलं की सगळी पानं लोळतात, पाणी दिलं की काही तासांत परत उभी. इतकं स्पष्ट सांगणारं झाड दुसरं नाही.

अँथुरियम त्याच घराण्यातलं, फूल कित्येक आठवडे टिकतं, पण लिलीपेक्षा जास्त उजेड मागतं, अगदी खिडकीला लागून ठेवा नाहीतर घेऊच नका.

आफ्रिकन व्हायोलेटही मला फार आवडलेलं, कारण याला खिडकीसुद्धा लागत नाही! साधी पांढरी एलईडी ट्यूब, झाडापासून फूटभर वर, रोज साधारण १२ तास, आणि रात्री मात्र पूर्ण अंधार हवाच. मूळचं टांझानिया-केनियाकडचं, तिथे डोंगरातल्या सावलीत खडकांच्या फटीत वाढतं, म्हणून कुंडी छोटीच ठेवायची, मोठ्या कुंडीत माती ओली राहून मुळं कुजतात. पाणी खालच्या ताटलीत घालायचं, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. गार पाणी पानांवर पडलं की फिकट डाग पडतात आणि ते जात नाहीत.

ऑर्किडची फुलं दोन-तीन महिने टिकतात, एवढं दुसरं काही क्वचितच टिकतं. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असली की थांबायचं, बस. फक्त पुन्हा फुलांचा दांडा यायला काही आठवडे रात्री जरा गार लागतात, कायम गरम खोलीत पानं येत राहतात, दांडा नाही. फुलं गळल्यावर दांडा हिरवा असेल तर मुळापासून कापू नका, खालून दुसऱ्या-तिसऱ्या गाठीच्या वर कापला तर कधीकधी तिथूनच परत फुटतो.

गुझमानिया एकदाच फुलते, रंग महिनोन्‌महिने टिकतो, मग मूळ झाड हळूहळू जातं आणि बाजूला पिल्लं येतात. पिल्लांना फुलायला फार वेळ लागतो, तेवढा धीर नसेल तर लांब टिकणारा गुच्छ म्हणूनच आणा.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पीस लिली आणि अँथुरियम त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा, पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. रांगतं बाळ असलं तरी हेच. बाकीच्या तिघांची ती काळजी नाही, त्यामुळे अशा घरात मी सरळ व्हायोलेट आणि ट्यूब घ्या म्हणेन.