‘व्हॅक्यूम गेला’ म्हणून बदललेल्या सोलरच्या चांगल्या ट्यूब

दिवाळी सरून पहाटे वारं बोचायला लागलं की लातूर, बीड, परभणी, जालना, सगळीकडून एकच तक्रार येते : सोलरचं पाणी तापत नाही. फसवणाऱ्यांचाही हाच हंगाम.

प्रकार बहुतेक वेळा सारखाच घडतो. इंटरनेटवर कंपनीच्या नावाने सापडलेल्या नंबरवर फोन जातो. तासाभरात गाडीवर दोन पोरं हजर, अंगात कंपनीच्या नावाचा टी-शर्ट. थेट गच्चीवर जातात आणि थोड्या वेळाने खाली येऊन सांगतात, “काका, वीसपैकी आठ ट्यूबचा व्हॅक्यूम गेलाय. टाकीत क्षार धरलाय, ॲसिड मारावं लागेल. रॉडही संपलाय.” काकांचे गुडघे दुखतात, ते वर जात नाहीत. बिल होतं, ‘खराब’ ट्यूब पोरं ‘भंगारात टाकतो’ म्हणून घेऊन जातात. त्या ट्यूब चांगल्या असतील, तर पुढच्या कुठल्या तरी गच्चीवर नव्या म्हणून लागायला हरकत कसली? इकडे पाणी कोमटच राहतं.

ट्यूबला एकात एक अशा दोन काचा असतात. त्यांच्या मधे हवा नसते म्हणून आतली उष्णता बाहेर जात नाही, हाच व्हॅक्यूम. तो गेला की नाही हे कळायला कुठलंच यंत्र लागत नाही. ट्यूबचं बंद टोक खालच्या प्लास्टिकच्या कपात बसलेलं असतं. कप काढा. दोन काचांच्या मधे आरशासारखा चंदेरी थर दिसेल, तो बेरियमचा. हवा आत शिरली की हाच थर दुधासारखा पांढरा पडतो. चंदेरी असेल तर ट्यूब चांगली. कडेला थोडा फिका झाला तरी चालतो. दुसरी खूण हाताला कळते. ऊन असताना चांगल्या ट्यूबची बाहेरची काच फार तापत नाही, व्हॅक्यूम गेलेली शेजारच्या ट्यूबांपेक्षा स्पष्ट गरम लागते. काही जण ट्यूब काढून तोंडातून आतला पांढरा थर दाखवतात आणि ‘बघा, पांढरी पडली’ म्हणतात. तो पाण्यातला क्षार. त्याचा व्हॅक्यूमशी काही संबंध नाही.

मग पाणी का तापत नाही? थंडीत दिवस लहान, टाकीत येणारं पाणीच गार, काचेवर धूळ. शेजारी नवा मजला चढला असेल तर सावली. पण सगळ्यात जास्त वेळा दुर्लक्षित राहतं ते मिक्सर नळातून थंड पाणी गरम लाइनीत घुसणं. तपासायला सोपं आहे. सोलरच्या टाकीत जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम नळ सोडा. थोड्या वेळात धार मेली पाहिजे. जोरात चालूच राहिली तर पाणी दुसरीकडून येतंय. थंड पाणी थेट गरम लाइनीत सोडणारा बायपासचा व्हॉल्व्ह उघडा असेल, नाहीतर मिक्सरजवळचा, पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला असेल. तो स्वस्त भाग बदलायचा सोडून आठ ट्यूब बदलल्या जातात.

आता ॲसिड. आपल्याकडे काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या जडपणाची (कठीणपणाची) इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलीग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सवलत. अनेक बोअर त्याच्याही वर जातात. त्यामुळे क्षार धरतो हे खोटं नाही, खोटं आहे ते औषध. हार्डवेअरच्या दुकानातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकीत ओततात. चुना फसफसून निघतो, घरमालक खूश. पण त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला, विशेषतः वेल्डिंगच्या कडेला, बारीक छिद्रं पाडतं. काही महिन्यांनी टाकी गळते आणि तोच माणूस नवी टाकी विकायला येतो.

सायट्रिक ॲसिड वापरा : लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम. ५८ मिलिमीटर जाड, १८०० मिलिमीटर लांब ट्यूबमध्ये पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी मावतं. दोन-तीन तास भरून ठेवा, पुसा, धुवा. फेस येतोय तोवर तेच पाणी पुढच्या ट्यूबला चालतं. हे काम ऊन चढायच्या आधी किंवा मावळल्यावरच करायचं. उन्हात रिकामी राहिलेली ट्यूब आतून दोनशे अंशांवर जाते, त्यात गार पाणी पडलं की तडकते. मे महिन्यात नळाला पाणी नाही, टाकी कोरडी, आणि भर दुपारी टँकर आला तर हेच होतं. मग सगळा सेट बदला असा सल्ला मिळतो. अशा वेळी सोलरचा व्हॉल्व्ह दिवस मावळेपर्यंत बंद ठेवा. ट्यूब परत बसवताना रबरी रिंगेला फक्त साबणाचं पाणी लावून फिरवत आत सरकवायची.

टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजण्यापासून वाचवतो. तो मात्र जड पाण्यात खरंच झिजतो, वर्षाला एकदा बघावाच. आतली लोखंडी तार उघडी पडली असेल तर बदला. नुसता पांढरा थर चढलाय म्हणून नाही.

नवी टाकी घ्यायची झालीच तर लोहचुंबकाच्या खेळाला भुलू नका. ‘चिकटत नाही, म्हणजे ३०४’, म्हणजे चांगल्या ग्रेडचं स्टेनलेस स्टील, असं छातीठोक सांगतात. स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. फिल्टर विकायला येऊन तुमच्या पाण्यात दोन लोखंडी कांड्या सोडून वीज देत पाणी तांबडं-काळं करून दाखवणारा तर सरळ दारातूनच परतवावा. तो रंग कांडीच्या लोखंडाचा असतो. फिल्टरच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की तेही तसंच होतं.

एक गोष्ट जिवावरची : टाकीवरची हवेची नळी. ‘इथून पाणी वाया जातंय’ म्हणत तिला बूच किंवा व्हॉल्व्ह बसवणारे आहेत. वाफेला वाट राहत नाही आणि टाकी फुटू शकते. पाणी वाहत असेल तर नळीची उंची वरच्या थंड पाण्याच्या टाकीपेक्षा वाढवायची.

कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा टाकीवरच्या पट्टीवरून घ्या. ‘नोंदणीसाठी दहा रुपये भरा’ म्हणून लिंक आली किंवा मोबाइलवर ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, खराब काम किंवा खोट्या बिलासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीला पक्कं बिल लागतं, त्यावर बदललेल्या भागांचं नाव आणि संख्या हवी. काढलेल्या ट्यूब आणि रॉड घरातच ठेवून घ्या. फुकटात न्यायची फार घाई दिसली, तर पैसे देण्याआधी त्या ट्यूबची बंद टोकं बघा.