१४४१६ला फोन केला त्याचा अनुभव

टेली मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाईनबद्दल लिहितेय. १४४१६, टोल फ्री, चोवीस तास, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि आमच्या घरात कुणाला पत्ता नव्हता.

मुलगी अकरावीला, जेईईचा क्लास, दिवाळीनंतर गप्पच झाली, जेवण पण खोलीत. आधी एका खाजगी क्लिनिकला नेलं, पाऊण तासाचे पंधराशे आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी, तोवर काय करायचं ते कुणी सांगेना. मग मैत्रिणीने हा नंबर दिला. मुलगी म्हणे, सरकारी आहे, कोण उचलतंय! उचलला की. भाषा निवडायची, मराठी आहे. पलीकडच्या ताईंनी झोप, जेवण, कधीपासून असं होतंय सगळं विचारलं आणि जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचारलं, मी दाराबाहेर उभी, माझेच पाय लटपटले. असं विचारलं की पोरांच्या डोक्यात नको ते येतं म्हणतात ना, तसं काही नसतं बरं का. ती म्हणाली, "नाही, तसं नाही," आणि मग वीस मिनिटं बोलत होती. गरज पडली तर ते पुढे मानसोपचार तज्ज्ञांनाही जोडून देतात. आमचं क्लिनिकही चालूच आहे.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींचा मुलगा पण अकरावीलाच, पहाटे पेपर टाकतो, कॉलेज करून संध्याकाळी मेडिकलमध्ये. मावशी म्हणाल्या, "ताई, पोरगं भिंतीकडं तोंड करून पडून असतंय नुसतं." त्याला नंबर दिला. आठवड्याने विचारलं, केला का रे फोन?

"कुठून करू काकू? घरात पाच जण, दाराबाहेर लगेच गल्ली."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी पोरगी दार लावून घेते म्हणून मी रडतेय आणि याच्याकडे लावायला दारच नाही. फोन फुकट, मराठीत, सगळं खरं, पण मनातलं बोलायला कोपरा लागतो आणि तो काही १४४१६वर मिळत नाही.

आता तो आमच्या गच्चीवर येतो, टाकीच्या सावलीत बसून बोलतो. पहिल्या फोननंतर खाली आला तेव्हा म्हणाला, "काकू, त्यांनी मार्क विचारलेच नाहीत." हेल्पलाईनला माझ्याकडून पाचपैकी पाच. सोसायटीतल्या एका काकांनी विचारलंच, हा कोण, वर काय करतो? म्हटलं अभ्यास करतो.